सबसिडीच्या भरवशावर उसनवारी

"मॅडम, सबसिडी आली की मामांचे पैसे लगेच देऊन टाकू." पहिलं घर घेणाऱ्या जोडप्यांच्या तोंडून हे वाक्य मी सतत ऐकते. मामांच्या जागी कधी मोठे दीर असतात, कधी पतपेढी, कधी सोनं गहाण ठेवून घेतलेलं कर्ज. काळजी सगळ्यांची एकच असते: सरकार पहिल्या घराला मदत करतं म्हणतात, मग सुरुवातीला भरायच्या रकमेसाठी ती धरून चालायची का?

संदीप आणि अश्विनी (नावं बदलली आहेत) हाच प्रश्न घेऊन आले होते. तो चाकणच्या एका कारखान्यात ऑपरेटर, ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ८ लाख ४० हजार. मोशीत भाड्याच्या घरात राहतात, पदरी पाच वर्षांची मुलगी. शिल्लक ५ लाख ६० हजार, आणि ती जमवताना अश्विनीने काय काय मागे ठेवलं असेल ते तिनं न सांगताही कळत होतं.

संदीपने साइट ऑफिसमधून आणलेला कागद पुढे केला. बांधकाम चालू असलेला वन बीएचके, किंमत ३४ लाख. खाली निळ्या पेनाने "शासकीय अनुदान: वजा २,६७,०००" असं लिहून त्याभोवती दोनदा गोल काढलेला. कर्ज २८ लाखांचं "करून देऊ" असं तिथल्या माणसाने सांगितलेलं.

हा २ लाख ६७ हजारांचा आकडा खोटा नाही, शिळा आहे. २०१५ला सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात व्याज अनुदानाची जी जुनी सोय होती, तिच्यात कमी उत्पन्न गटांना जास्तीत जास्त एवढी रक्कम मिळायची आणि ती एकदम कर्जखात्यात जमा होऊन मुद्दल कमी व्हायचं. संदीपच्या चुलतभावाला ती तशीच मिळाली होती, त्यामुळे घरात सगळ्यांचा विश्वास पक्का. पण मध्यम उत्पन्न गटासाठी ती सोय मार्च २०२१मध्ये आणि बाकीच्यांसाठी मार्च २०२२मध्ये बंद झाली. साइट ऑफिसातला आकडा मात्र अजून चालतो, कारण तो गिऱ्हाईक आणतो.

आता आहे ती याच आवास योजनेची दुसरी आवृत्ती, सप्टेंबर २०२४पासूनची. वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. त्या कर्जातल्या पहिल्या ८ लाखांवर बारा वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी ४ टक्के व्याज अनुदान. मिळणार जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे वर्षाला ३६ हजार, महिन्याला तीन हजारांचा टेकू.

मी एवढं बोलले आणि अश्विनीने कागदावरच्या २८ लाखांवर बोट ठेवलं. "म्हणजे हे कर्ज घेतलं तर आम्ही बसतच नाही?"

नाहीच बसत. ज्या अनुदानाच्या जोरावर मोठं कर्ज काढायला सांगितलं जात होतं, ते त्या कर्जामुळेच हुकणार होतं. मला या प्रकाराचा राग येतो तो इथे.

मग आम्ही मागच्या बाजूला खरा हिशोब मांडला. ३४ लाखांतून कर्जाचे २८ गेले की स्वतःचे ६ लाख. मुद्रांक शुल्क पिंपरी-चिंचवडमध्ये ७ टक्के, म्हणजे २ लाख ३८ हजार. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी १ टक्का, ३४ हजार. बेरीज ९ लाखांच्या वर. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो खिशातूनच जातो, आणि नेमका हाच भाग जोडपी विसरतात. साडेतीन लाखांचं भगदाड होतं. ते मामा आणि पर्सनल लोन यांनी बुजवायचं, आणि न मिळणाऱ्या अनुदानातून फेडायचं, असा बेत होता.

संदीप बराच वेळ गप्प बसला. मग त्याने खरी भीती काढली. "गावाला माणमध्ये वडिलांचं पक्कं घर आहे. मग आम्ही पहिल्यांदा घर घेणारे ठरतो तरी का?" या भीतीपोटी कित्येक जण अर्जच करत नाहीत. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. संदीपचे वडील हयात आहेत, ग्रामपंचायतीच्या नमुना ८च्या उताऱ्यावर घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. त्यामुळे ते संदीपच्या कुटुंबाचं घर धरलं जात नाही. वडील वारल्यावर वारस नोंदीने मुलांची नावं लागलेली असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा उतारा बँकेला दाखवून विचारायचं, लपवायचं नाही, कारण नावावर पक्कं घर नसल्याचं लिहून द्यावं लागतं.

म्हाडाचंही त्यांनी विचारलं. तिथे पुण्यासाठी ९ लाखांपर्यंत अल्प उत्पन्न गट, तर आवास योजनेत हेच दोघं मध्यम गटात. एकाच घरातली माणसं दोन सरकारी दारांत दोन गटांची होतात, याला काही इलाज नाही. अर्ज जरूर भरा म्हटलं, पण सोडत म्हणजे सोडत, तिच्या भरवशावर तारीख ठरवू नका. आणि "नंबर लावून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. म्हाडाने एजंट नेमलेले नाहीत.

त्यांना मी एकच अट घातली. अनुदान शून्य धरून जे घर परवडतं, तेच बघायचं. महिन्याभराने ते चिखलीतल्या एका जुन्या फ्लॅटची कागदपत्रं घेऊन आले. किंमत २८ लाख, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला) आहे, पुनर्विक्रीचं घर म्हणून जीएसटी नाही. कर्ज साडेतेवीस लाख, हप्ता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी सुमारे २०,४०० रुपये.

इथे नावाचा विषय निघाला. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव जोडीला आलं की सवलत गेली. इथे ती २८ हजारांची होती. संदीप तयार होता. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "आणि आमच्या पोराचं काय?" कर्जात तो सहकर्जदार राहू शकतो, मालकीत नसला तरी चालतं, आणि त्यांच्या उत्पन्नाला नव्या करप्रणालीत आयकर लागतच नसल्याने गृहकर्जाच्या वजावटीचाही प्रश्न नाही, हे मी समजावलं. शेवटी अश्विनीच म्हणाली, "दोघांच्या नावावर करू. मला अठ्ठावीस हजारांसाठी रोज घरात हा विषय नको." मी असते तर सवलत सोडली नसती. पण त्या घरात मला राहायचं नाही. आवास योजनेला संयुक्त नाव चालतं, त्यामुळे तिथे काही बिघडलं नाही.

स्वतःचे साडेचार लाख, मुद्रांक १ लाख ९६ हजार, नोंदणी २८ हजार. एकूण ६ लाख ७४ हजार. शिलकीत संदीपच्या भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी काढलेले १ लाख ४० हजार मिळवले आणि उसनवारी न करता खरेदीखत झालं. सामान हलवायला पंचवीस-सव्वीस हजार उरले.

व्याज अनुदानाचा अर्ज गेला आहे. परवा संदीपचा फोन आला: बोनस कर्जात भरला तर अनुदान जाईल का? नियम असा की हप्ता सुटताना कर्जखातं चालू हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवं. त्याला म्हटलं, खुशाल भरा. पाच वर्षांत पावणेबारा लाखांचं मुद्दल फिटेल एवढा बोनस देणारी कंपनी चाकणला असेल, तर आधी माझ्या भाच्याचा बायोडेटा तिथे पोचवा.