आजोबांचा फुलबॅक

प्रिय सोनू,

पेपरात ‘बचावपटू’ छापतात, मग कोल्हापूरचे आजोबा जुन्या इंग्लिश फुटबॉलपटू बॉब क्रॉम्प्टनला ‘फुलबॅक’ का म्हणाले, असं विचारलंस. अरे, बचावपटू हे काम झालं, फुलबॅक ही जागा. त्या काळी संघाची मांडणी 2-3-5 असायची : मागे दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड. कोल्हापुरातल्या तालमींच्या फुटबॉल संघांतल्या जुन्या खेळाडूंच्या तोंडी अजून हेच शब्द आहेत.

क्रॉम्प्टन उजवा फुलबॅक. 1879 साली ब्लॅकबर्नमध्येच जन्मला आणि 1896 ते 1920 तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लब सोडून कुठे गेला नाही. 1912 आणि 1914 ला क्लबबरोबर इंग्लंडची लीग जिंकली. इंग्लंडसाठी 41 सामने खेळला. तो विक्रम 1952 पर्यंत टिकला. पगारावर मात्र 1901 पासून आठवड्याला 4 पौंडांची मर्यादा! एवढ्या मोठ्या खेळाडूलाही तेवढीच, हे मला खटकतं.

आता त्याच्या काळचा ऑफसाइड, म्हणजे गोलपाशी आधीच जाऊन पास घेऊ न देणारा नियम. तीन वाट्या घे. एक टेबलाच्या कडेला, तो गोलकीपर. दोन जरा पुढे, शेजारी शेजारी, ते फुलबॅक. त्यांच्या पुढ्यात चमचा, तो समोरचा फॉरवर्ड. पास सुटताना चमच्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये तीन वाट्या हव्यात. एक फुलबॅक चमच्याच्या पुढे सरकव. उरल्या दोनच, म्हणजे चमचा ऑफसाइड! दुसरा फुलबॅक मागेच, सावध. पण सरकायचं पास सुटायच्या आधी. क्षणभर उशीर झाला की फॉरवर्ड मोकळा. आणि त्याने पास न घेता स्वतःच चेंडू पायात घेऊन धाव घेतली, तर ऑफसाइड नाहीच. मागचा फुलबॅक एकटा सापडतो. शिवाय 1907 पासून फॉरवर्ड स्वतःच्या अर्ध्या मैदानात असेल तर ऑफसाइड नाही, म्हणून हा डाव मध्यरेषेपलीकडे चालत नसे.

1925 साली तीनाचे दोन झाले. आता तीच वाटी सरकवून बघ : गोलकीपर आणि दुसरा फुलबॅक मिळून दोन, चमचा सुरक्षित. दोघांनीही पुढे यायचं, तर मागे फक्त गोलकीपर. मग हाफबॅकांमधल्या मधल्याला मागे ओढून दोन फुलबॅकांच्या मध्ये उभं केलं. गंमत म्हणजे, जागा बदलली तरी त्याचं नाव ‘सेंटर हाफ’च राहिलं.

आजोबांना विचार, त्यांचा सेंटर हाफ कुठे उभा राहायचा.

तुझे बाबा