अधिकार मित्र व्हायचं म्हणतेस, तर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझे बाबा सांगत होते की इंदूरच्या जिल्हा न्यायालयात पॅरालीगलची सरकारी नोकरी निघाली म्हणून तू फॉर्म भरते आहेस. फॉर्म जरूर भर, पण ही नोकरी नाही हे आधी समजून घे. गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटियर, म्हणजे वकील नसलेले मदतनीस, ज्यांना आता अधिकार मित्र म्हणतात, त्यांना पगार नसतो. काम नेमून दिलं त्या दिवसाचं मानधन तेवढं मिळतं. घराला तुझ्या पैशांची गरज असेल तर दुसरी कमाई बघूनच इकडे ये. ज्याची चूल याच मानधनावर पेटते, त्याचा हात कधीतरी पक्षकाराच्या पिशवीकडे जातो, आणि पक्षकाराकडून आपल्याला एक रुपयाही घेता येत नाही.

शिक्षणाची अट साधी आहे: साक्षर, शक्यतो दहावी झालेला. शिक्षक, अंगणवाडीतल्या ताई, निवृत्त कर्मचारी, बचत गटातल्या बायका, अगदी जेलमध्ये लांब शिक्षा भोगणारे शिकलेले कैदीसुद्धा चालतात. राजकीय पक्षात सक्रिय असलेला मात्र नाही. कायद्याची विद्यार्थिनी म्हणून तू येऊ शकतेस, पण वकिलीची सनद घेतलीस की हे काम सोडावं लागेल.

अट सोपी आहे म्हणून काम सोपं समजू नकोस. कोर्टात उभं राहून बोलायचं नाही, सल्ला देताना वकिलाचा आव आणायचा नाही. मग उरतं काय? माणूस आणि त्याचा हक्क यांच्यातलं अंतर, आणि ते फार मोठं असतं. 1987 च्या विधिक सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आपल्या मराठी घरांतल्या कितीतरी बायकांना हे ठाऊक नाही, आणि ज्यांना आहे त्यांना ‘फुकटचा वकील’ घेताना कमीपणा वाटतो. तो कमीपणा घालवणं हे तुझं पहिलं काम. भाषणाने तो जात नाही. शेजारी बसून तिचं पूर्ण ऐकून घेतलंस की जातो.

खरा कस लागतो जेलमध्ये. केंद्रीय जेलमध्ये पाठवलं तर कैद्याला ‘तू काय केलंस’ असं विचारू नकोस. अटकेची तारीख, कलम, वकिलाचं नाव आणि पुढची पेशी, एवढंच विचार आणि वहीत लिही. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जी 1 जुलै 2024 पासून लागू आहे, कलम 479 आहे. ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही आणि ज्याचा गुन्हा फाशी किंवा जन्मठेपेचा नाही, त्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायला हवं. एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तर गोष्ट वेगळी. तुझ्या वहीतली तारीख नीट असेल तर हा हिशेब दिसतो, नाहीतर माणूस आत बसून राहतो. कैद्याने सांगितलेली तारीख कागदाशी ताडून घे, कारण आत दिवसांचा हिशेब चुकतो.

आणि एक गोष्ट मी फार मानते: पुन्हा जाणं. अर्ज लिहून दिला, शिक्का घेतला की बरेच जण सुटले असं समजतात. देपालपूरहून किंवा सांवेरहून आलेली बाई बसभाडं खर्चून येते, आणि खिडकीवर तिला ‘उद्या या’ म्हणतात. उद्या तिच्याबरोबर तूही तिथे असायला हवंस, किंवा निदान फोन करून बाबूला फाइलचा नंबर विचारायला हवा. फोन करता येत नसेल तर तिला 15100 हा हेल्पलाइन नंबर चिठ्ठीवर लिहून दे, मोठ्या अक्षरात.

घरी मराठी असली तरी आपलं कोर्ट हिंदीत चालतं, आणि आवेदनही हिंदीतच लिहायचं असतं. तेव्हा रविवारपर्यंत एक काम कर. नवऱ्याने टाकलेली बाई, दोन मुलं, शिवणकामावर घर चालवते, तिला पोटगी मागायला वकील हवा आहे, असं धरून प्राधिकरणाच्या सचिवांना एका पानाचं आवेदन लिही आणि मला पाठव. पोटगीचं कलम आता त्याच नव्या संहितेचं 144 आहे, जुन्या कायद्याचं 125 नको. विशेषणं नकोत, तारखा हव्यात.

तुझी,
काकू