वेल्डजवळची भेग आधी समजून घे

गंज म्हणजे पत्रा झिजणं, हे आधी डोक्यातून काढ. किरणोत्सारी कचऱ्याच्या टाकीत जाडी जवळपास तशीच राहते आणि तरी पोलाद आरपार तडकू शकतं. अभ्यास अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर या अणुकेंद्राच्या १६ नंबरच्या टाकीपासून सुरू कर. १९६० मध्ये तिची गळती इतकी वाढली की टाकीबाहेरचं, गळती धरायला ठेवलेलं पोलादी ताट भरून वाहिलं आणि थोडा कचरा मातीत गेला. मला ही घटना आजही अस्वस्थ करते.

दोष किरणांचा नव्हता. टाकीचं कार्बन पोलाद, कचऱ्यातलं नायट्रेटचं गरम द्रावण आणि वेल्डिंगनंतर धातूत अडकून राहिलेला ताण, हे तिघं एकत्र आले. वेल्डच्या लांबीच्या दिशेने हा ताण फार मोठा असतो, म्हणून भेगा बहुतेक वेल्डला आडव्या जातात. कागदावर हे चित्र स्वतः काढून बघच.

पुढच्या टाक्या बांधून झाल्यावर सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यांचा ताण उतरवला. शिवाय भेगा रोखायला द्रावणात हायड्रॉक्साइड आणि नायट्राइट पुरेसं राखतात. द्रावणाच्या नमुन्याचा अहवाल हाती आला की नुसता पीएच पाहून थांबू नकोस. नायट्रेटच्या मानाने नायट्राइट किती, आणि तापमान किती, हे दोन्ही विचार.