सत्रअखेरच्या नोंदी पहिल्यांदाच लिहिताय?

मॅडम, प्रगतिपुस्तकातल्या साठ मुलांच्या वर्णनात्मक नोंदी एका रात्रीत लिहायला बसू नका. विसाव्या मुलापासून सगळ्यांच्या नावापुढे ‘नियमित अभ्यास करतो’ येतं. दिवाळीच्या सुट्टीआधी महिनाभर रोज तीन-चार मुलांबद्दल तारखेसह एकेक ओळ टिपत चला, म्हणजे वर्ग पुरा होतो.

नोंदीत दिसलेली कृती हवी. ‘गणितात प्रगती चांगली’ वाचून पालकांना काय कळणार? ‘समीकरण सोडवताना चिन्हांची चूक आता होत नाही, शाब्दिक उदाहरण समीकरणात मांडताना अडते’ असं लिहिलंत, तर घरी नेमकं काय करून घ्यायचं ते समजतं.

खिलाडूवृत्ती लिहिताना जास्त जपा. जिंकलेल्या संघालाच ती बहाल करण्याची चूक नव्यांकडून हमखास होते. कबड्डीत चढाईपटूचा निसटता स्पर्श, पंचांना दिसला नसतानाही, स्वतःहून मान्य करून बाहेर जाणारी मुलगी पाहा. राखीव बसून पूर्ण सामना ओरडत साथ देणारीही पाहा. हरलेल्या संघातही अशी मुलं असतात, आणि त्यांची नोंद राहून गेली तर फार वाईट वाटतं.

‘भांडखोर’, ‘आळशी’ हे शब्द प्रगतिपुस्तकात नकोतच. ‘निर्णय विरोधात गेला की वाद घालते’ एवढं पुरे.

श्रेणी, तक्ते पुढच्या सत्रात बघू.