विजेच्या गाड्या आल्या की दमा जाईल?

प्रश्न : आमचं घर हमरस्त्याला लागून आहे आणि मुलाला दमा आहे. सगळ्या गाड्या विजेवर धावू लागल्या की त्रास संपेल ना?

उत्तर : कमी होईल, संपणार नाही. सायलेन्सरमधला धूर थांबेल; टायर आणि ब्रेक झिजून उडणारी बारीक धूळ मात्र राहील. खिडकीच्या गजावरून बोट फिरवा, जो काळा थर लागेल त्यात तीही असते. म्हणून मी गाड्या बदलण्याइतकाच त्या कमी करण्याचा हट्ट धरतो. स्टॉकहोमने २००६ मध्ये शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावून पाहिलं आणि २००७ मध्ये ते कायम केलं. लहान मुलांचे दम्याचे तीव्र झटके त्यानंतर घटल्याचं अभ्यासात दिसलं, पण एका रात्रीत नव्हे. लंडनने २०१९ पासून जास्त धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्यांना शुल्क लावलं. लोक चिडले. चिडणारच! बसचा पत्ता नसेल तर नुसता भुर्दंड कोण सोसेल? आधी बस आणि धड चालता येईल असा पदपथ द्या, मग पैसे मागा.

तोवर गर्दीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी लावून घ्या, शाळेत आतल्या गल्लीने न्या. आणि बरं वाटतंय म्हणून इन्हेलर परस्पर बंद करू नका.