काइटसर्फिंग: वजन किती, काइट केवढा?

काइटसर्फिंग म्हणजे काइटच्या, म्हणजे मोठ्या पतंगाच्या, ओढीने पायाखालच्या बोर्डवरून पाण्यावर घसरत जायचा खेळ. उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की खान्देशातून येणाऱ्या प्रश्नांचा सूर एकच असतो: "ताई, माझं वजन इतकं, काइट केवढा घेऊ?" वजन सांगितलं की काइटचा आकडा मिळतो, ही समजूत व्हिडिओंनी आणि विक्रेत्यांनी पसरवली आहे. वजन लागतंच. पण वारा किती आहे, तो एकसारखा वाहतो की झटके देतो आणि तुम्ही कितपत शिकलात, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. म्हणून खालची उत्तरं दिशा म्हणून वाचा. काइट ठरवायचा तो किनाऱ्यावर, वारा मोजून, तुमच्या प्रशिक्षकासोबत.

प्रश्न (भुसावळ): माझं वजन ९८ किलो, वय ३४. मला शिकता येईल का?

येईल. मात्र पैसे भरण्याआधी काइटसर्फिंगच्या शाळेला फोन करून वजन सांगा आणि तुमच्या मापाचा मोठा काइट व १४५ सेंटिमीटरच्या आसपासचा बोर्ड आहे का, ते विचारा. गोव्यात मोरजीला दुपारचा वारा बऱ्याचदा हलका असतो. अशा वाऱ्यात वजनदार माणूस बोर्डवर उभाच राहू शकत नाही आणि दोष स्वतःला देतो. रामेश्वरमच्या बाजूला उन्हाळी मोसमात वारा जास्त जोरकस मिळतो.

प्रश्न (जळगाव): एका व्हिडिओत सूत्र दिलंय: वजन गुणिले २.२, भागिले वाऱ्याचा वेग. माझं वजन ७०, वारा २० धरला तर ७.७ मीटर येतात. बरोबर का?

ढोबळ अंदाज म्हणून ठीक. ते मीटर म्हणजे चौरस मीटर, आणि त्यातला वेग नॉटमध्ये धरायचा असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. बरेच जण फोनवर हवामान बघतात, आकडा नॉटचा की किलोमीटरचा ते बघतच नाहीत. २० नॉटला २० किलोमीटर समजलात तर सूत्र तुम्हाला सातआठऐवजी चौदाचा काइट उचलायला लावेल. शिवाय तुम्ही नवशिके आहात हे सूत्राला कुठे माहीत? प्रशिक्षकाला विचारा.

प्रश्न (सावदा): आम्ही चौघं चुलतभाऊ, वजनं ५२ ते ९५. मुंबईचा एक जण बाराचा सेकंडहँड काइट स्वस्तात देतोय, 'सगळ्यांना चालतो' म्हणतो. जूनमध्ये हतनूरच्या बॅकवॉटरला भन्नाट वारा असतो. गोव्यात तीन दिवस शिकलोय. घ्यावा का?

घेऊ नका. याचं उत्तर मला सविस्तर द्यायचंय, कारण या बेताची मला खरोखर धास्ती वाटते.

आधी वजनाचं बघू. एकाच वाऱ्यात काइटचं क्षेत्रफळ साधारण वजनाच्या प्रमाणात बदलतं. ज्या वाऱ्यात ७५ किलोच्या माणसाला बाराचा काइट जमतो, त्याच वाऱ्यात ५२ किलोच्या भावाला आठच्या आसपासचा लागेल आणि ९५ वाल्याला पंधराचा. म्हणजे तुमच्या चौघांत तो काइट धाकट्याला उचलून फेकेल आणि थोरल्याला पाण्यातून वरही काढणार नाही. 'सगळ्यांना चालतो' हे वाक्य फक्त माल खपवण्याच्या कामाचं.

आता वारा. काइटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. १५ नॉटचा वारा झटक्यात २१ झाला, तर वेग दीडपटही होत नाही, ओढ मात्र जवळजवळ दुप्पट होते. किनाऱ्यावर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत काही आडवं येत नाही, म्हणून तो बराच एकसारखा असतो. आपल्याकडचा वारा तापलेल्या काळ्या रानावरून, झाडांवरून, बांधांवरून येतो. तो सारखा चढतो-उतरतो, दिशा बदलतो. जूनच्या सुरुवातीला दुपारनंतर ढग दाटून आले की पावसाच्या आधी धुळीचा लोट येतो, तो तर तुम्हाला आवरायला वेळच देत नाही. त्या झटक्यात वजनदार माणूस टाच रोवून क्षणभर तरी टिकतो. ५२ किलोचा मुलगा काही कळायच्या आत किनाऱ्यावर, दगडांवर किंवा बाभळीत जाऊन आदळतो. हलक्या माणसाने वजनाच्या हिशेबापेक्षाही एक माप लहान काइट घ्यायचा, आणि आभाळ भरून आलं असेल तर काइट फुगवायचाच नाही, असं मी सांगते ते यासाठी. विजांचा धोका वेगळाच.

हतनूरचं पाणी चांगदेवच्या संगमापर्यंत पसरलेलं दिसतं आणि लांबून समुद्रासारखं वाटतं, हे मान्य. पण खाली गाळ आहे, काठाला पाय रुततो. मासेमारीची जाळी असतात. काइटच्या दोऱ्या २० ते २४ मीटर लांब, म्हणजे जवळपास विजेच्या तारा असतील तर विषयच संपला. तुम्हाला ओढून आणायला बोट कोण ठेवणार? धरणाच्या पाण्यात उतरायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, ती वेगळी.

आणि तो काइट. 'दोनच सीझन वापरलाय' हे प्रत्येक विक्रेता म्हणतो. उत्पादनाचं वर्ष विचारा. फार जुन्या काइटमध्ये बार, म्हणजे दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, पुढे ढकलला तरी ओढ पुरेशी कमी होत नाही. फुगवायच्या नळ्यांच्या झडपांचा गोंद उन्हात सुटतो, आणि आपल्याकडच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलात तर उरलासुरलाही जाईल. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्विक रिलीज. संकटात काइट झटक्यात सोडायची ही कळ वाळू-मिठाने अडकली असेल तर तुमच्या हातात काहीच राहत नाही. हे फोटोवरून कळत नाही. जाणत्या माणसाने दोऱ्यांवर ताण देऊन ती सोडून बघावी लागते.

तीन दिवसांत तुम्ही काइट हवेत धरायला शिकलात, एवढंच. ते पैसे राखून ठेवा, चौघं मिळून पुन्हा शाळेत जा आणि स्वतंत्रपणे जाऊन-येऊन त्याच जागी परत लागता येईपर्यंत शाळेचंच सामान वापरा. तिथे प्रत्येकाला आपापल्या मापाचा काइट मिळतो.

प्रश्न (साक्री): ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या दिवसरात्र फिरतात. म्हणजे इकडे वारा आहेच. मग जवळच्या धरणावर काय हरकत?

वरचं उत्तर वाचा. पवनचक्कीचं पातं डोंगरमाथ्यावर आणि त्याहून बरंच उंच फिरतं. डोंगराच्या आडोशाला, पाण्यालगत तोच वारा भोवरे घेत येतो. नको.

प्रश्न (नंदुरबार): हिवाळ्यातल्या भरीत-पार्ट्यांनी वजन ८८ वर गेलंय. दहा किलो उतरवूनच शिकायला जावं असं वाटतं. तीन वर्षं हाच बेत चाललाय.

तीन वर्षं गेली ती गेली. ८८ किलोला शिकता येतं, सामानही मिळतं. काइटची ओढ हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा हुकाचा रुंद पट्टा, कमरेवर घेतो, हातांनी काइट खेचायचा नसतो. पोहता येतं का, पाच-दहा मिनिटं पाण्यात हातपाय मारून दमछाक होते का, हे वजनापेक्षा जास्त महत्त्वाचं. रक्तदाब, साखर, गुडघा किंवा पाठ यांचं काही दुखणं असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि मग तिकीट काढा.

प्रश्न (धुळे): बोर्ड आणि हार्नेस वजनावरूनच घ्यायचे ना?

बोर्ड हो, हार्नेस नाही. ५५ किलोला १३२ ते १३४ सेंटिमीटर, ७५ ला १३६ ते १३९, ९५ ला १४२ च्या पुढे, असा साधारण हिशेब. शिकताना थोडा मोठा बरा. हार्नेस कमरेच्या घेरावर घ्यायचा आणि अंगावर घालून, हुक ओढून बघायचा. बरगड्यांवर सरकत असेल तर मांड्यांना पट्टे असलेला बैठा हार्नेस बघा. ऑनलाइन सवलत दिसली म्हणून न घालता मागवू नका.

प्रश्न (चाळीसगाव): ऑलिंपिकमध्ये जड खेळाडूंना फायदा होतो म्हणे. खरं का?

शर्यतीत, हो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, शर्यती मार्सेलच्या समुद्रात झाल्या. तिथल्या बोर्डखाली फॉइल असतो, म्हणजे पाण्यात बुडालेला पंख, जो वेगात बोर्डला पाण्याच्या वर उचलतो, आणि जास्त वजनाचा खेळाडू मोठ्या काइटची ओढ अंगावर पेलून वेग धरू शकतो. तुम्ही त्यासाठी वजन वाढवायचं कारण नाही.

प्रश्न (अमळनेर): मुलगा ११ वर्षांचा, वजन ३० किलो. गोव्याला जातोय, त्यालाही एक तास द्यावा का?

पाण्यात नको. लहान काइट सुरक्षित, हे ऐकीव आहे. लहान काइट हवेत फार चपळ वळतो आणि ३० किलोला तोही ओढून नेतो. हलक्या वाऱ्यात, मोकळ्या वाळूवर, प्रशिक्षक शेजारी उभा असताना दीड-दोन मीटरचा सरावाचा काइट उडवू द्या. पाण्यात कधी उतरवायचं ते त्याचं वजन, पोहणं आणि तिथला वारा बघून प्रशिक्षक सांगेल. तोपर्यंत त्याला पोहण्याच्या वर्गाला घाला.