रेटिंग सोडा, आधी कुठला गेम हातातून जाणार ते बघा

साठलेल्या व्हिडिओ गेमांपैकी पुढचा कुठला खेळावा, हा तुमचा प्रश्न वाचताना 'हा माणूस माझ्याबद्दलच लिहितोय की काय' असं झालं. लायब्ररीत शेकड्यांनी गेम, रात्री जेमतेम तास-दीड तास मोकळा, त्यातला निम्मा यादी वरखाली करण्यात आणि ट्रेलर बघण्यात जातो, आणि शेवटी परत तोच जुना, पाठ झालेला गेम लावायचा. त्यात तुमचा विचर ३ स्केलिगे बेटांपर्यंत पोचून अर्धवट, पर्सोना ५ रॉयल नुसता इन्स्टॉल करून ठेवलेला, आउटर वाइल्ड्स घेतलाय पण उघडलेला नाही, आणि सबस्क्रिप्शनवरचे चार-पाच 'बघू कधीतरी'वाले.

सेलमध्ये घेणं थांबवा, विशलिस्ट आवरा वगैरे तुम्हाला बाकीचे सांगतीलच, ते मी सोडतो. फक्त 'पुढचा कुठला' एवढ्यावर बोलतो. माझं उत्तर बऱ्याच जणांना पटत नाही, तेव्हा पटेल तेवढंच घ्या: यादीतला सर्वांत चांगला गेम शोधायचाच नाही. जो हातातून जाणार आहे, तो आधी खेळायचा. (मी पीसीवाला, त्यातही एकट्याने खेळणारा. ठरवून मित्रांबरोबर खेळणाऱ्यांना यातलं निम्मं लागू नाही.)

विकत घेतलेला गेम सहसा कुठे जात नाही. सबस्क्रिप्शनवरचा जातो. मायक्रोसॉफ्टच्या गेम पासमध्ये 'लीव्हिंग सून' आणि सोनीच्या प्लेस्टेशन प्लसमध्ये 'लास्ट चान्स टू प्ले' असे विभाग असतात, तिथे जाणाऱ्या गेमची नावं आधी लागतात. पण नाव लागल्यावर हातात दिवस किती उरतात? रोज तासभर खेळणाऱ्याचा तेवढ्यात 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच' होईल, तो दोन-अडीच तासांचाच आहे. शंभर तासांचा आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन मोठी गोष्ट खेळायचा गेम) होणार नाही. म्हणून सबस्क्रिप्शनवर लांबलचक गेम सुरूच करू नये, या मताचा मी झालोय. का झालोय ते सांगतो, कारण मला सर्वांत महागात पडलं ते हेच.

एका सबस्क्रिप्शन सेवेवर (कुठली ते लिहीत नाही, तिची बाजू घेणारे आणि तिच्यावर तुटून पडणारे दोघंही इथे येतील) मी एक मोठा आरपीजी खेळत होतो. शेवटच्या टप्प्याआधी असे गेम एक सूचना दाखवतात ना, 'इथून पुढे गेलात की मागे येता येणार नाही, राहिलेली कामं उरकून घ्या', तिथपर्यंत पोचलो होतो. सूचनेचा मान राखून मागे फिरलो आणि सोबतच्या पात्रांचे राहिलेले क्वेस्ट, म्हणजे गेममधली कामं, करत बसलो. मधेच कामाचा व्याप वाढला, काही आठवडे खेळायला फुरसत मिळाली नाही. परत आलो तर 'प्ले'च्या बटणाच्या जागी 'खरेदी करा'. ईमेल नाही, नोटिफिकेशन नाही. म्हटलं ठीक आहे, गेम आवडलाय, घेऊन टाकू. दुसऱ्या स्टोअरवर सेल चालू होता, तिथून घेतला. सुरू केला तर मेनूत 'कंटिन्यू' नाहीच. फक्त 'न्यू गेम'.

सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, माझ्याच डिस्कवर होता, हे विशेष. फोल्डर शोधून काढला. आत एक फाइल, तिचं नाव म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ, पुढे एक्स्टेन्शन नाही. नव्या आवृत्तीच्या फोल्डरमधल्या फायलींची नावं चांगली वाचता येण्याजोगी. नाव बदलून तिकडे टाकून बघितली, तर 'सेव्ह खराब झाला आहे'.

मग सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर आलं: गेम अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करा. सेवेतून काढलेला गेम पुन्हा इन्स्टॉल कसा करायचा, ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या प्रतिनिधीने तोच मजकूर पाठवला, खालची सही तेवढी वेगळी. तिसरा म्हणाला, सेव्हचा फॉरमॅट हा गेम बनवणाऱ्यांचा विषय, त्यांना विचारा. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, सेव्ह कुठे आणि कसे ठेवायचे हे त्या सेवेच्या हातात, तिकडे विचारा. या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटी दोघांची उत्तरं एकाखाली एक डकवून, स्क्रीनशॉट जोडून दोन्हीकडे पाठवली. त्यावर काय झालं? तिकीट 'निराकरण झाले' म्हणून बंद, आणि पाठोपाठ 'आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?' म्हणून पाच तारे. 'हे सेव्ह हलवता येत नाहीत' एवढं एक सरळ वाक्य पहिल्याच दिवशी कुणी लिहिलं असतं तर विषय तिथेच संपला असता. ते वाक्य मला आजतागायत कुणी लिहिलेलं नाही.

तो गेम अजून माझ्याकडे आहे, रीतसर विकत घेतलेला, शून्यावर. तेवढे तास परत घालायची हिंमत होत नाही आणि शेवट यूट्यूबवर बघून टाकायलाही मन धजत नाही. यादी कमी व्हावी म्हणून घेतलेल्या सबस्क्रिप्शनने ती एकाने वाढवली, वर पैसे दोनदा गेले.

असो. तर लांब गेम सुरू करायच्या आधी त्याचा सेव्ह बाहेर नेता येतो का, एवढं बघून घ्या. काही गेम स्वतःच्या खात्यावर सेव्ह ठेवतात, तिथे हा त्रास कमी. बाल्डर्स गेट ३ मध्ये तो बनवणाऱ्या लॅरियनच्या खात्यावरून क्रॉस-सेव्ह (एकीकडचा सेव्ह दुसरीकडे चालवणं) आहे, विचर ३ मध्येही डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटपासून ती सोय आली. पीसीवर कुठल्या गेमचे सेव्ह कुठल्या फोल्डरमध्ये जातात ते पीसीगेमिंगविकीवर सापडतं, आणि लुडुसावी नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर ते सगळे गोळा करून बॅकअप घेतं. आणि हो, स्टीम या पीसी गेमच्या स्टोअरवर क्लाउड कॉन्फ्लिक्टची (क्लाउडवरचा आणि डिस्कवरचा सेव्ह जुळत नसल्याची) खिडकी आली की घाईने बटण दाबू नका. दोन्ही बाजूंना तारीख-वेळ दिलेली असते, ती वाचा. कन्सोलबद्दल माझं ज्ञान बेताचं आहे, पण पीएस५ गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवता येत नाहीत, क्लाउडसाठी प्लेस्टेशन प्लसच लागतं, एवढं ध्यानात असू द्या.

विकत घेतलेल्यांतही एक जात पळून जाणारी आहे: एकट्याने खेळतानाही इंटरनेट मागणारे गेम. युबिसॉफ्टचा 'द क्रू' २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. असं काही तुमच्या यादीत असेल आणि खरंच खेळायचं असेल, तर ते वर घ्या.

गेम डोक्यातूनही जातो, आणि माझ्या मते अर्धवट गेमांचं खरं दुखणं हेच आहे. सेव्ह जागेवर असतो, पण आपण कुठे निघालो होतो, हे बटण कशाचं, हा दाढीवाला कोण, काही आठवत नाही. मग माणूस म्हणतो नव्याने सुरू करू, पहिल्या पाच तासांतच कंटाळतो आणि तोच गेम दुसऱ्यांदा अर्धवट राहतो. नव्याने सुरू करू नका. जुना सेव्ह उघडा, शत्रू नसलेल्या जागी अर्धा तास नुसते हातपाय हलवा, एखादा फुटकळ क्वेस्ट करा. बोटांना आठवतं. विचर ३ या बाबतीत फार समजूतदार आहे, लोड होताना आतापर्यंतची गोष्ट थोडक्यात सांगतो. उलट 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'सारखा गेम, जिथे जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते तर्काने जुळवायचं असतं, तो महिनाभर बाजूला ठेवला की त्यातली मजाच गेली. वहीत उत्तरं दिसतात, पण ती कशावरून काढली होती ते डोक्यात उरत नाही. असे गेम सलग मोकळे दिवस असतील तेव्हाच हातात घ्यावेत.

माझी एक सवय आहे, हसू नका: खेळ बंद करताना फोनच्या नोट्समध्ये एक ओळ लिहून ठेवतो. 'बंदरावरच्या लोहाराकडे जायचंय, तलवार मोडलीय' एवढंच. कुठल्याही ट्रॅकर अ‍ॅपपेक्षा याचा उपयोग जास्त झालाय.

बाकी ट्रॅकर, एक्सेल शीट, रॅन्डम पिकर यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. पिकरने दिलेलं नाव आवडेपर्यंत लोक बटण दाबत राहतात, मग पिकर हवा कशाला? शीट भरणं हा स्वतंत्र छंद आहे, त्यात मजा येत असेल तर खुशाल करा, पण ते खेळणं नव्हे. कुठला गेम किती तासांचा ते सांगणारी 'हाउ लाँग टू बीट' ही साइट मात्र बघावी, आणि तेही फक्त मुख्य कथेचा आकडा. 'कम्प्लीशनिस्ट'चा, म्हणजे गेममधलं सगळंच्या सगळं करणाऱ्याचा, आकडा बघून उगाच घाबरायला होतं.

तासांपेक्षाही मी एक गोष्ट जास्त बघतो: मधेच उठता येतं का. हेडीसची एक फेरी अर्ध्या-पाऊण तासाची, आणि मधेच बंद केला तरी त्याच खोलीच्या सुरुवातीला परत येता. एलियन: आयसोलेशनमध्ये ठरावीक जागी पोचल्याशिवाय सेव्हच होत नाही, आणि पोचेपर्यंत तो प्राणी मागे लागलेला. उत्तम गेम आहे, पण रात्री तासभर मिळणाऱ्याने, घरात कुणीतरी हाक मारण्याची शक्यता असताना, तो लावू नये. पर्सोना ५ चंही तसंच. सुरुवातीचे कितीतरी तास गेम तुम्हाला हाताला धरून नेतो, मोकळीक नंतर मिळते. दमून आलेल्या रात्री तो भाग नुसता ढकलला जातो.

मालिकांबद्दलही बोलून घेतो, विषय निघालाच आहे तर. 'पहिल्या भागापासूनच खेळायला हवं' या हट्टापायी किती जण २००७ च्या पहिल्या विचरमध्येच अडकले आणि तिसऱ्यापर्यंत पोचलेच नाहीत. तिसरा एकटा खेळला तरी कळतो. मास इफेक्टला मात्र हे लागू नाही, तिथे आधीच्या भागातले निर्णय सेव्हबरोबर पुढच्या भागात येतात, तो क्रमानेच खेळा. आणि दोन मोठे ओपन वर्ल्ड गेम (मोठ्या जगात कुठेही मोकळं भटकायचे) लागोपाठ नकोत. विचरनंतर लगेच रेड डेड रिडेम्प्शन २ लावला तर घोड्यावर बसायचाही वीट येईल, दोष त्या गेमचा नसेल.

सोडून देण्याचं म्हणाल, तर स्टीमचा परतावा १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच मिळतो. तुमच्या यादीतल्या बहुतेकांचे १४ दिवस कधीच उलटून गेलेत. म्हणजे गेम पूर्ण केला काय नि सोडला काय, पैसे गेलेलेच आहेत. फुकट मिळालेल्यांची तर गणतीच करू नका. एपिक हे स्टोअर २०१८ पासून फुकट गेम वाटतंय, ते सगळे 'राहिलेले' धरले तर यादी जन्मात संपायची नाही.

आता तुमचं. सबस्क्रिप्शनवरच्या चार-पाचांतले सहा-सात तासांत संपणारे शोधा आणि ते आधी उडवा, लांब असतील ते तिथे सुरूच करू नका. ते झाले की विचर, आहे त्या सेव्हवरून, नव्याने नाही. स्केलिगेच्या नकाशावरची समुद्रातली प्रश्नचिन्हं सरळ सोडून द्या, तिथे बहुतेक ठिकाणी नुसत्या पेट्या आहेत आणि माणूस तिथेच थकतो. पर्सोना अनइन्स्टॉल करा, डिस्कही मोकळी होईल. मोठी सुट्टी आली की बघा. आउटर वाइल्ड्स विचर संपल्यावर लगेच. त्यात लढाई-लेव्हल काही नाही, कळत जाणं हीच प्रगती, आणि कळलेलं यानातल्या नोंदवहीत आपोआप लिहिलं जातं, त्यामुळे रोज तासभर खेळणाऱ्यालाही झेपतो. फक्त त्याच्याबद्दल आणखी काही वाचू नका, ट्रेलरही नको, एकदा कळलं की ते न कळल्यासारखं खेळता येत नाही.

सबस्क्रिप्शनवरच्या गेमांची नावं लिहा, त्यांतले कुठले छोटे आहेत ते सांगतो.